भरलेली पळी

“आई, पळी सोडू नकोस! सोडलीस तर मी इथून सरळ समुद्रात उडी घेईन, आणि मला पोहता येत नाही, सांगून ठेवते!”

ओरडत होते मी. माझा आवाज काय चीज आहे ते सोलापुरात कुणालाही विचारा. सात रस्त्यावर उभी राहून मी रिक्षाला हाक मारली की तिकडं चिंचोळी एमआयडीसीत पाळी सुटते. भोंगा झाला समजून कामगार डबे उचलून गेटकडं निघतात. तोच आवाज त्या दिवशी मी समुद्राकाठी काढला आणि लाटा चार हात मागं सरकल्या. ओहोटीची वेळ होती असं आमचे हे म्हणतात. त्यांचं ऐकू नका.

लांबलचक टेबलाच्या एका बाजूला आई उभी होती. तिच्या हातात करवंटीला लांब दांडी बसवलेली पळी, माशाच्या सारानं काठोकाठ भरलेली. समोर एक मिशीवाले गृहस्थ बसले होते आणि त्यांनी आपल्या ताटावर हात आडवा धरला होता. वाढू नका, असा. पळी हवेत आणि हात ताटावर. सार टपटप टेबलावर गळत होतं आणि सगळं टेबल आपापल्या ताटात बघत होतं, जणू ताटात आजचा पेपर छापून आलाय.

राग मला जन्मजात आहे. माझी नाळ कापली तेव्हा मी सुईणीवर खेकसले होते. पण त्या दुपारचा राग वेगळा होता. तो कळायचा तर आम्ही तिथं पोचलो कसे, ते आधी ऐकावं लागेल.

आईला समुद्र बघायचा नव्हता. “पानी ते पानी, त्यात बगायचं काय? नळाला आलं की बगतेच की,” असं तिचं म्हणणं. आता सोलापुरात नळाला पाणी येतं तेव्हा आम्ही सगळेच बघतो, तो भाग निराळा. पाणी यायच्या दिवशी आमच्या गल्लीत दिवाळीसारखी पहाट होते, पातेली-घागरी नटूनथटून दारात बसतात. पण माझा डाव समुद्र दाखवायचा नव्हताच. माझा डाव होता आईला परक्या टेबलावर जेवायला बसवायचा.

कारण आई बाहेर जेवत नाही. लग्न असो, बारसं असो, माझ्या ऑफिसातल्या साहेबांची निवृत्तीची पार्टी असो, ती येते, पाकीट देते, फोटोत उभी राहते आणि पंगत बसायच्या आत तिचं डोकं दुखायला लागतं. पिशवीत कडक भाकरी आणि शेंगाचटणी कायम. त्या भाकरी एवढ्या कडक की एकदा एसटीत एक पिशवीतून खाली पडली तर कंडक्टरनं डबल बेल मारली. कुठंतरी झाडाखाली बसायचं, आपलं आपण खायचं, कुणाचं काही घ्यायचं नाही. आमच्या वस्तीत मात्र ती राणी. विहारात पौर्णिमेला खीर तिच्याशिवाय शिजत नाही, आणि पळी दुसऱ्या कुणाच्या हाती दिली तर ती रुसते.

तिचं माहेर दुधनीच्या बाजूचं. लहानपणी गावजेवणाला आमची माणसं बसायची ती पार कडेला, उकिरड्याच्या अलीकडं. सगळ्यांचं झालं की वाढपी यायचा आणि हातभर वरून सोडायचा. भात पानात पडायचा, कधी पानाच्या बाहेर पडायचा. पाण्याचंही तसंच, ओंजळीत वरून धार. आईनं हे मला रडून वगैरे कधीच सांगितलं नाही. एकदा गव्हातले खडे निवडताना सांगितलं, तेही वाढप्याच्या नेमाचं कौतुक करत. “लई नेम हुता त्येचा. लांबनं बरूबर घालायचा.” मी त्या दिवशी रागानं निवडलेले गहू आणि खडे परत एकत्र केले. मग दोघींना पहिल्यापासून निवडावे लागले.

तर मी ठरवलं. म्हातारी जिवंत आहे तोवर तिला परक्यांच्या मांडीला मांडी लावून जेवताना बघायचंच. आमचे हे गाडी चालवणार, मी बोलणार, आई मागं बसणार.

खानावळ समुद्रालगत, एका घराच्या पडवीत. गावाचं नाव सांगणार नाही. सांगितलं की उद्या तुम्ही सगळे गाड्या काढाल आणि मला बाकावर जागा मिळणार नाही. जुन्या होडीच्या फळ्या जोडून केलेलं एकच टेबल, इतकं लांब की या टोकाला मीठ मागितलं तर ते पोचेपर्यंत भरती यावी. दोन्ही बाजूंना बाकं. मेनूकार्ड नाही. होडीला जे लागलं ते शिजणार, भांडं टेबलाच्या मधोमध येणार, आणि जे कोण आलेत ते सगळे एकत्र बसणार. शिवाय घराचे दोन नियम. सगळ्यांचं संपल्याशिवाय कुणी उठायचं नाही. आणि वाढायचं ते टेबलावर वयानं सगळ्यात मोठं जे असेल त्यानं. पूर्वी होडीवर तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, आपल्या माणसांना स्वतः वाढायचा. तीच रीत या बाईच्या सासूनं पडवीत आणली.

बाई म्हणजे खानावळीची मालकीण. मी तिला मावशी म्हणत होते, वयानं ती माझ्याएवढीच असली तरी. सोलापूरचं माणूस अनोळखी बाईला मावशी म्हणतं आणि मोकळं होतं. ही मावशी तोंडानं फटकळ, पण तिच्या सारात देव होता, म्हणजे देव मानणाऱ्यांनी तसं म्हटलं असतं.

आई गाडीतून उतरली ती पिशवी छातीशी धरूनच. बाकावर बसेना. आणि मग जी चूक फक्त आमची आईच करू शकते ती तिनं केली. कुणाच्या घरी गेल्यावर चुलीपाशी जाऊन हातभार लावल्याशिवाय तिला चैन पडत नाही. ती सरळ स्वयंपाकघरात शिरली. मी मागोमाग. मोठ्या भांड्यात तांबोसा नावाचा मासा शिजत होता, तुकडे करून, लालभडक सारात. आईनं बघितलं, पळी घेतली आणि मटण ढवळतात तसं तळातून खसाखसा ढवळलं. आमच्याकडं तसंच करायचं असतं, फोडी तळाला बसतात.

“गो बाय माझ्या!” मावशी किंचाळली. “ह्या काय मटान नाय! मासो मोडतलो!”

मोडलाच. शेपटीकडचा तुकडा दोन ठिकाणी फुटला. आईचा चेहरा पडला. मला वाटलं, संपलं, आता ही गाडीत जाऊन बसते. पण मावशीनं पळी काढून घेतली नाही. ती आईचं मनगट धरून शिकवायला लागली. पळी कडेनं घालायची, तुकड्याच्या खालून सरकवायची, ढवळायचं नाही. डोकं मानाच्या माणसाला. पोटाकडचे तुकडे सगळ्यांना. आईनं विचारलं, “आन हे शेपटाचं?”

“ता कोणाक नको. नुसते काटे. रवांदे तसोच, सारात रस उतरता. वाढताना बाजूक काढ. तो मांजराचो.”

मांजर तिथंच होती. पांढरी, एका कानाची, पंचक्रोशीतला सगळा समुद्र खाऊन झाल्यासारखी लठ्ठ. आईनं तिच्याकडं बघून मान हलवली, जणू ठरलं.

भांडं बाहेर आलं आणि आम्ही बसलो. आम्ही तिघं, मोटरसायकलवरून फिरायला आलेले दोन तरुण, आणि समोर मिशीवाले गृहस्थ आणि त्यांची बायको. गृहस्थ कुठल्या शहराचे ते सांगत नाही, त्या शहरातली चांगली माणसं विनाकारण दुखावतील. मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झाले होते, हे त्यांनी आम्हाला बाक ओलांडायच्या आत सांगितलं. मिशी अशी की दोन्ही टोकांना पतंग बांधावेत. आम्ही बसतोय तोच त्यांचा हात पळीवर होता. आपणच मोठे, हे त्यांनी गृहीतच धरलं होतं.

“वयान कोण मोठो?” मावशीनं विचारलं.

“एकोणसत्तर,” गृहस्थ म्हणाले, भाषण संपवावं तसं.

मावशीनं आईकडं बघितलं. आईला आपली जन्मतारीख माहीत नाही. ती म्हणाली, “रझाकाराची गडबड झाली तवा आईनं मला पोटाशी बांदून रान तुडवलं हुतं म्हनत्यात.”

मावशीनं क्षणभर हिशेब केला, गृहस्थांच्या हाताखालून पळी ओढली आणि आईच्या हातात दिली. आई उठून उभी राहिली. पदर खोचला. आमच्या ह्यांच्या ताटात वाढलं, माझ्या ताटात वाढलं. “साकु म्हना, साकु म्हनेपर्यंत वाढनार,” असं ती त्या दोन पोरांना बजावत होती. साकु म्हणजे पुरे. दुधनीकडची माणसं, मराठी बोलताबोलता कानडीत शिरतात आणि परत येताना दार लावत नाहीत. पोरं हसायला लागली. आईही हसली. परक्या टेबलावर, पळी हातात धरून, माझी आई हसली. मला वाटलं, आता मासा पोटात गेला नाही तरी चालेल.

तेवढ्यात गृहस्थांनी विचारलं, “आपण कुठले?”

“सोलापूर,” मी म्हणाले.

“अरे वा. आडनाव?”

हा प्रश्न मला ओळखू येतो. मी तो चालण्यावरून ओळखते. आधी ‘कुठले’ येतं, मग ‘मूळ गाव’ येतं, मग जिना चढून ‘आडनाव’ येतं, आणि आडनावानं भागलं नाही तर ‘म्हणजे नक्की कोण’ हे मागच्या दारानं येतं. ऑफिसात नवा साहेब आला की चहाच्या पहिल्या घोटाला येतो. घर भाड्यानं बघायला गेलं की किल्ली कुलपात फिरवता फिरवता येतो. विचारणाऱ्याचा चेहरा नेहमी इतका प्रेमळ असतो की वाटावं, पत्रिका छापायला घेतलीय.

“आडनाव उन्हाळ्यात आम्ही काढून ठेवतो,” मी म्हणाले. “सोलापूरचं ऊन. लई घाम येतो.”

“हा हा. मजेशीर आहात. पण मूळ गाव?”

“दुधनी.”

“दुधनीत कुठे?”

“रेल्वे लाईनच्या कडेला. गाडी आली की घर उचलून बाजूला ठेवायचो.”

गृहस्थांना माझा कंटाळा आला. त्यांनी मोहरा आमच्या ह्यांच्याकडं वळवला. पण आमचे हे भांडणाचा वास आला की भराभर खाऊन घेतात; त्यांचं तोंड भरलेलं होतं. मग ते आईकडं वळले. “आजी, तुमचं आडनाव काय हो?”

आणि आईनं सांगितलं. रेशनच्या रांगेत सांगावं तसं, सरळ. नुसतं आडनावच नव्हे, तर माहेरचंही, आणि आमची वस्ती कुठली तेही, विहाराच्या खुणेसकट. तिला त्यात लपवण्यासारखं काही वाटलं नाही. वाटायचं कारणही नाही. गोष्टी लपवत होते ती मी, आणि तेही भीतीनं नव्हे. फुकट का सांगायचं, म्हणून.

“छान, छान,” गृहस्थ म्हणाले. “आता काय, सगळे एकच झालेत.”

सगळे एकच झालेत म्हणाले आणि ताटावर हात ठेवला. तेच वाक्य, तोच श्वास. आई तोवर पळी भरून त्यांच्यापाशी पोचली होती. “तुम्ही कशाला त्रास घेता, आजी?” ते म्हणाले. “ठेवा पळी खाली. आमचं आम्ही घेऊ. मासा नाजूक असतो, मोडतो. आपल्याला सवय नसते ना.”

सवय! अहो, सवय! माझ्या कानशिलात त्या शब्दानं भट्टी पेटली. आईला सवय नाही? तिनं वाढलेल्या खिरीवर आमच्या वस्तीतली पोरं वाढली, त्यांची लग्नं झाली, त्यांची पोरंही वाढली. तिला फक्त एका गोष्टीची सवय नव्हती. परक्यांच्या पंगतीत वाढणारी असायची. आणि नेमकी तीच सवय हा माणूस लागू देत नव्हता. पळी खाली गेली असती तर मला पुढचं दिसत होतं: आई बाकावरून पिशवी उचलणार, गाडीमागच्या सावलीत बसणार, भाकरी काढणार, आणि मरेपर्यंत परत कुणाच्या टेबलाला हात लावणार नाही. एक पळी होती. ती खाली जाते की वर राहते, एवढाच प्रश्न होता. आणि पळी इंचभर खाली आली होती.

तेव्हा मी ते समुद्रात उडी घेण्याचं ओरडले. आणि तिथंच थांबले असते तर मी मी कसली. मी त्या गृहस्थांना म्हणाले की तुमच्या मिशीला माझ्या आजोबांच्या शेळ्यांनी नाक मुरडलं असतं. म्हणाले की सोलापूरच्या उन्हात तुम्हाला एक दुपार उभं केलं तर हुद्दा वितळून चपलेत उतरेल. म्हणाले की सगळे एकच झालेत तर मग ताटावर हात कुठल्या दुसऱ्याचा आहे? त्या दोन पोरांवरही ओरडले, कारण आत्ताच हसत होती आणि आता मानेचे मणके काढून ठेवल्यासारखी वाकली होती. आमच्या ह्यांच्यावर ओरडले, कारण ते सापडले. नारळाच्या झाडावरून एक नारळ पडला. माझ्या आवाजानं पडला हे मी आजही शपथेवर सांगेन.

मग आतून मावशी आली. ती काही समाजसुधारक नव्हती, उगाच तिचा पुतळा उभारायला नको. तिला एकच दुःख होतं.

“सार थंड होता!” ती गरजली. माझ्या आवाजाला तोड असलेला आवाज मी आयुष्यात तेवढाच ऐकला. “माझ्या घरात भरलेली पळी परत भांड्यात जाणा नाय. खावचा आसात तर हात काढा, नायतर उठा. माका कोणाच्या आडनावाचा काय करूचा नाय, फोडणेत घालूक येत नाय ता!”

गृहस्थांचा हात तिथंच. उठायचं तर भूक होती, आणि बाकाच्या मधोमध बसल्यामुळं दोन्हीकडच्यांनी पाय उचलल्याशिवाय त्यांना बाहेर पडताही येत नव्हतं. आणि मग त्यांची बायको, जी आल्यापासून एक अक्षर बोलली नव्हती, तिनं आपलं ताट त्यांच्या कोपरावरून पुढं सरकवलं.

“मला वाढा हो,” ती आईला म्हणाली. “सकाळपासून नुसत्या चहावर आहे.”

आईनं ती पळी तिच्या ताटात रिकामी केली. पोटाकडचा मोठा तुकडा गेला, मी बघितला. वर भात. ती बाई नवऱ्याकडं न बघता जेवायला लागली. आई आता स्थिर झाली. तिनं भांड्यात डोकावून बघितलं, पळी कडेनं घातली, खालून सरकवली, अगदी शिकवलं होतं तशी, आणि परत गृहस्थांपुढं येऊन उभी राहिली. नुसती उभी. समोरून सगळं टेबल बघतंय, आतून मावशी बघतेय, शेजारून बायकोच्या चावण्याचा आवाज येतोय.

हात निघाला. सावकाश, एकेक बोट करून, पण निघाला. आणि आईनं वाढलं. वरून नाही, हातभर लांबून नाही. खाली वाकून, पळी ताटाला टेकवून, थेंब न सांडता वाढलं. “साकु?” तिनं विचारलं. गृहस्थांना कानडी कळत नव्हती, पण मान हलली.

मी पुढचं फार बघू शकले नाही. माझे डोळे भरले होते, आणि ते सारातल्या तिखटानं, हे मी तेव्हाही सांगितलं. मी समुद्राकडं तोंड करून जेवले. ज्या माणसानं ताटावर हात ठेवला त्याच्यापुढं वाकून वाढायचं? माझा राग तिथून उठला आणि आईकडं वळला. मी असते तर पळी मिशीवर ओतली असती.

जेवण संपलं, पण उठता येईना. घराचा नियम. सगळ्यांची ताटं चाटूनपुसून झाली, आईनंही आपली कडक भाकरी सारात चुरून खाल्ली, मावशीला एक देऊन झाली. पण गृहस्थांचं संपत नव्हतं. मान खाली, बोटं ताटात, डोळ्यांत पाणी. एकेक घास तोंडात घालायचे, थांबायचे, हळूच काहीतरी काढायचे, खोकायचे, पाणी प्यायचे, परत घास. सगळं टेबल त्यांच्यासाठी थांबलं होतं. मला कळलं, घास घशाखाली उतरत नाही तो लाजेनं. माझा राग थोडा निवला. म्हटलं, बघा, माणसाला आतून कुणीतरी धरलं. टेबलाखाली ती एका कानाची मांजर मात्र अख्ख्या जेवणभर आईच्या पायात फिरून ओरडत होती, शिव्या दिल्यासारखी. कुणी तिच्याकडं लक्ष दिलं नाही.

परतीच्या वाटेवर घाट चढून होईपर्यंत मी आईला सोडलं नाही. “तुझी दया कुठून येते? तिला काही धरबंद आहे का? त्यानं तुला पळी ठेव म्हटलं, आणि तू त्याला वाकून वाढलंस? लहानपणी वरून टाकलं त्याचा राग कुठं गेला?” आई खिडकीतून झाडं बघत होती. एवढंच म्हणाली, “जावयांना सांग, वळनावर हळू घ्या म्हनावं.” सोलापूर येईपर्यंत माझा राग इतका वाढला होता की टोल नाक्यावरचा दांडा आपोआप वर गेला.

सोलापुरात आल्यावर मी हा किस्सा ऑफिसात सांगितला, गल्लीत सांगितला, भाजीवालीला सांगितला, रिक्षात अनोळखी माणसांना सांगितला. सांगता सांगता टेबल वाढलं, मिशी वाढली, नारळ एकाचे बारा झाले. पण शेवट तोच. मी छाती बडवून म्हणायचे, काय करायचं या बाईचं? अपमान करणाऱ्याला मायेनं वाढते! आणि तो माणूस, सांगते तुम्हाला, लाजेनं असा विरघळला की रडत रडत जेवला. ऐकणारे हळहळायचे. कुणीतरी आईचे हात हातात घ्यायचं. आई हात सोडवून घ्यायची आणि कामाला लागायची.

परवा पौर्णिमेला विहारात खीर होती. आई भांड्यापाशी, पळी हातात, तळातून खसाखसा ढवळत. बायका रांगेत. मी पुन्हा किस्सा काढला, पहिल्यापासून, सगळ्या आवाजांसकट. शेवटाला पोचले तेव्हा दोघी-तिघींनी डोळ्यांना पदर लावला होता. एक म्हातारी म्हणाली, “करुणा म्हणतात ती हीच बघ.” मला मात्र पुन्हा तोच राग चढला, आणि मी सगळ्यांदेखत आईला विचारलं, “एकदा सांगच आता. त्या माणसाला एवढ्या मायेनं वाढलंस ते का?”

आईनं समोरच्या बाईच्या वाटीत खीर घातली, साकु म्हणेपर्यंत.

“मांजराचा तुकडा घातला की त्येला,” ती म्हणाली. “काटं काढत बसलं हुतं ते.”